मुंबापुरीची रात्र : श्रमाची आणि रंजनाची



मुंबईच्या रात्रीचा विषय निघाला, की झगमगते दिवे, नाट्यगृहे आणि चैनीची ठिकाणे अनेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. या बंदराच्या शहरात रात्र प्रथम श्रमाची झाली आणि त्या श्रमाच्या आधाराने पुढे रंजनाची झाली. शहराच्या निरनिराळ्या वस्त्या पाहू गेल्यास याची साक्ष पटते.

कुलाब्याचा ससून डॉक १८७५ साली सुरू झाला. कापसाच्या व्यापारासाठी उभारलेला हा धक्का आज मासळीचे मोठे केंद्र आहे. भरती-ओहोटी माणसाच्या सोयीने चालत नाही. त्यामुळे शहर झोपेत असताना येथे मचव्यांतून मासळी उतरते, लिलाव पुकारला जातो आणि कोळी भगिनी पाट्या भरून उजाडण्यापूर्वीच बाजाराच्या वाटेला लागतात.

तेथून उत्तरेस ग्रँट रोडच्या बाजूला गेले, की रात्रीचे दुसरे रूप दिसते. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने येथे १८४६ मध्ये नाट्यगृह उभे राहिले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे प्रयोग केले. 'प्ले हाऊस' या शब्दाचे लोकांनी 'पिला हाऊस' केले, आणि तेच त्या परिसराचे नाव होऊन बसले. शेजारच्या कामाठीपुऱ्याला तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांचे नाव आहे. शहराच्या बांधकामांवर राबलेल्या या लोकांची आठवण पुढे त्या वस्तीच्या बदनामीखाली झाकली गेली. जवळच्याच महंमद अली रस्त्यावर रमजानच्या महिन्यात उपवास सुटल्यानंतर पहाटेच्या सहरीपर्यंत खाद्यपदार्थांची दुकाने गजबजलेली असतात, आणि सर्व धर्मांचे लोक तेथे जमतात.

परळ-लालबागच्या गिरणगावाची रात्र मात्र महाराष्ट्राच्या खेड्यांशी थेट जोडलेली होती. कोकणातील आणि घाटावरील एकेका गावाच्या मंडळींनी चाळीत खोली घ्यावी आणि पाळीपाळीने तीत राहावे, अशी रीत होती. रातपाळीचा कामगार निघाला, की त्याच्या पथारीवर दिवसपाळीचा गावकरी पाठ टेके. या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांचे संघटन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळा'च्या रूपाने केले. कुठे भजन रंगे, कुठे तमाशाचा फड उभा राही, तर कुठे दिवसभर राबलेला मुलगा रात्रशाळेच्या बाकावर पाटी-पुस्तक घेऊन बसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि तिच्याबरोबर ती रात्रही ओसरली.

त्याच गिरण्यांच्या आवारात आज कचेऱ्या, दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने आस्थापनांना चोवीस तास व्यवसाय करण्याची वाट मोकळी केली आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील मॉल व गिरण्यांच्या आवारांपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. याच अधिनियमानुसार स्त्रिया स्वतःच्या संमतीने रात्री साडेनऊनंतर काम करू शकतात. मात्र त्यांचे संरक्षण व घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था ही मालकाची जबाबदारी आहे. तरतूद चांगली आहे. तथापि २०१७ चा हा अधिनियम मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. चहाची टपरी, लहान खानावळ, चार माणसांचे दुकान यांतील रात्रीचे कष्टकरी त्याच्या छत्राबाहेर राहतात.

नियम दुर्लक्षिले गेले तर काय घडते, हेही मुंबईने पाहिले आहे. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातील छतावरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जणांचे प्राण गेले. आनंदासाठी आलेल्यांना बाहेर पडण्याची निर्वेध वाट मिळाली नाही. रात्र खुली करताना जिना, पाणी, दिवा आणि तपासणी यांची सिद्धता आधी झाली पाहिजे, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

म्हणून रात्रीच्या शहराचा विचार करताना केवळ दुकानांच्या वेळा वाढवून भागणार नाही. मध्यरात्रीनंतर लोकलगाड्या काही तास बंद असतात; त्या वेळेत सुटणाऱ्या कामगाराला बस हवी, स्त्रियांना स्वच्छ व उजेडाचे स्वच्छतागृह हवे. हे काम अधिकाऱ्यांचे आहे. शिक्षकांचे आणि पंचायत सदस्यांचेही एक काम आहे. अर्धवट शिक्षण सोडून पोटासाठी मुंबईची वाट धरणारी मुले आजही गावोगाव आहेत, आणि रात्रशाळाही मुंबईत आजही चालतात. मुलगा गाव सोडताना त्याचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या हाती द्यावा, रात्रशाळेची माहिती सांगावी आणि मुंबईतील गावकरी मंडळाला त्याच्याविषयी कळवावे. एवढे झाले, तर दिवसा राबणाऱ्या त्या मुलाची रात्र शिक्षणाच्या कामी येईल.