उजेडाची परतवाट
(जालना येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा काही भाग)

…तर मंडळी, मोठमोठ्या विषयांच्या या मालेत आज मी जुन्या गाडीचा हेडलाइट घेऊन उभा आहे. पण अंबडकडून रात्री जालन्याला येताना पुढची उसाची ट्रॉली मागचा दिवा नसताना ज्याला अचानक दिसली, त्याला हा विषय लहान वाटणार नाही.

माझी मारुती ८००. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात आली, २०१४च्या जानेवारीत बंद झाली. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुणसुद्धा आता म्हातारीच. माझ्या गाडीचा डावा दिवा पिवळट, मंद. गॅरेजवाल्याने बल्ब बदलला. महिन्याने पुन्हा बदलला. मग कुणीतरी म्हणालं, १००/९० वॅटचा टाका, लख्ख पडेल. टाकला. आठवड्यात होल्डर मऊ पडला आणि गाडीत जळका वास. साहजिक आहे. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८च्या वर. तेवढ्या जोगती ती जुनी वायर नाही. शिवाय तो बल्ब रस्त्यावर बेकायदाच.

दोन्ही दिवे एकदम गेले, तर फ्यूज, स्विच, डिपर बघा. एकच मंद असेल तर बल्बला दोष देण्याआधी थांबा. आपण वीज दिव्यापर्यंत पोचते का एवढंच बघतो. ती परत कशी येते, याचा विचार करत नाही. गाडीत परतीची वायर बॅटरीपर्यंत जातच नाही. ती जवळच बॉडीला बोल्टने आवळलेली असते. तिला आपण अर्थ म्हणतो.

माझ्या गाडीने खूण दिली होती, मलाच ती कळली नाही. डावा इंडिकेटर दिला की त्याच्याच ठेक्यावर हेडलाइट मिणमिणायचा. दोघांची अर्थ एकच होती.

शेवटी मल्टिमीटर घेतला. दिवा चालू ठेवूनच मोजायचं, हे महत्त्वाचं. प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडही चांगलाच दिसतो. इंजिन चालू, बॅटरीवर १३.५ व्होल्ट. बॅटरीच्या प्लसपासून होल्डरपर्यंत ०.३ व्होल्टची गळती, तेवढं चालतं. होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मात्र २.१! दिव्याला उरले ११च्या आसपास. तुम्ही म्हणाल, अडीच व्होल्टांनी काय होतं? हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात नाही, त्याहून फार झपाट्याने घटतो. एवढ्यात निम्मा उजेड गेला.

बोल्ट खोलला. आदल्या वर्षी गाडी रंगवून घेतली होती, तेव्हा अर्थच्या जागेवरही रंग बसला होता. रंगातून वीज जाते कुठे? पॉलिशपेपरने पत्रा चकचकीत घासला, नट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं.

काढलेले पहिले दोन्ही बल्ब घरी बॅटरीला थेट लावून पाहिले. दोन्ही लख्ख पेटले.