शाळेची किल्ली
(देवस्थानच्या वर्धापनोत्सवानिमित्त भरलेल्या महाजन सभेतील भाषण)



देवस्थानच्या इतिहासावर माझ्याहून अधिकारी मंडळी बोलतील. मला बोलायचे आहे ते देवळापासून शंभर पावलांवर असलेल्या प्राथमिक शाळेविषयी. तिच्या पटावर यंदा अकरा मुले आहेत. पट असाच उतरत गेला, तर ती शेजारच्या गावच्या शाळेत विलीन होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा लोकांच्या पदरमोडीने चालत. पणजीस 1908 साली मुष्टिफंड संस्था निघाली, ती घरोघरच्या मूठभर तांदळावर. खेडोपाडी देवळाचा मंडप, अग्रशाळेची ओवरी किंवा एखाद्या घराचा सोपा हीच शाळा. तेथे दिवसा मुलांची उजळणी चाले. पण गुरुजींकडे मुंबईहून आलेली पत्रे वाचून घ्यायला बायाबापड्या येत, रात्री पोथी लागे आणि उत्सव जवळ आला की नाटकाच्या तालमी रंगत. गावाला एकत्र बसण्याचे निमित्त शाळा पुरवीत असे.

मात्र त्या मंडपशाळेचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. तेथे सर्वांना सारखे बसावयास मिळत नसे. कोणी मंडपात, कोणी पायरीवर, आणि कित्येकांना पायरीही नव्हती.

1961 साली गोवा मुक्त झाला आणि 1963 पासून भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. पायरीबाहेरची मुले पाटी घेऊन आत आली, हे त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. आपण मात्र सुटकेचा श्वास टाकला. शाळा सरकारची झाली, म्हणजे आपले काम संपले, असे आपण मनोमन ठरवून टाकले. आज दुपारी मुले घरी गेली की तिला कुलूप लागते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी निघते.

खेडी ओस पडू लागली तेव्हा इंग्लंडात केंब्रिजशायर परगण्याचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी 1924 साली एक योजना मांडली. दिवसा मुलांची शाळा असेल, त्याच इमारतीत संध्याकाळी प्रौढांचे वर्ग, वाचनालय आणि सभागृह चालेल. असे पहिले ग्राममहाविद्यालय सॉस्टन गावी 1930 साली उघडले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीस ग्रामबालशिक्षण केंद्र काढले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हा शब्द तेथूनच देशभर गेला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या रिकाम्या वेळात इमारत समाजाच्या उपयोगी पडावी असे सुचविले. कागद आपल्या बाजूने आहेत. ज्याची हयात कागद पुढे सरकविण्यात गेली, त्याचा तेवढा अनुभव ग्राह्य धरावा.

मागणे मोठे नाही. सायंकाळी पाच ते आठ शाळा उघडी राहावी. मुलांनी तेथे अभ्यास करावा, आयांना पुस्तके मिळावीत, म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्र वाचावे; घुमट वाजविणारे, भजन जाणणारे अजून गावात आहेत, त्यांनी मुलांना शिकवावे. इमारत सरकारची, म्हणून शिक्षण खात्याची लेखी परवानगी हवी. ती येईपर्यंत अग्रशाळेची एक खोली द्यावी. उत्सवाचे दिवस सोडले तर तेथे कोळ्यांखेरीज कोणी राहत नाही. विजेचे बिल आणि पुस्तकांचे कपाट देवस्थानने पत्करावे. अंदाजपत्रक देवस्थानांचे प्रशासक म्हणून मामलेदारांकडे जाते, तेव्हा खर्चाचे कलम याच सभेत घालणे बरे.

आता अवघड मुद्दा. त्या अकरा मुलांत महाजनांच्या घरची दोनच आहेत. बाकीची देवळाच्या सेवेकऱ्यांची, कुळांची आणि बांधकामावर आलेल्या कानडी मजुरांची. आपली मुले बसने शहरात जातात. माझी नातवंडेही जातात, हे कबूल करतो. तेव्हा कोणी विचारील, देवस्थानचा पैसा बिगरमहाजनांवर का? महाजनकी जन्माने मिळते, शाळेचा पट जन्म पाहत नाही, हा पेच खरा आहे. पण पालखीपुढे दिवट्या कोण धरतात? तळीतला गाळ कोण उपसतात? त्यांची मुले रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मागची पायरी आपण पुन्हा बांधणार आहोत की काय, एवढेच मला सभेला विचारायचे आहे.

कचेरीत एक नियम असे: ज्याच्याकडे किल्ली, त्याच्यावर जबाबदारी. सोमवारी पालखी असते. म्हणून मंगळवार आणि गुरुवारची किल्ली मी सांभाळीन. उरलेल्या वारांसाठी ज्यांची तयारी असेल, त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे सचिवांकडे द्यावीत.