मूठभर बदाम आणि डॉक्टरांची पायरी

(ईलिंगमध्ये ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय "सुकामेवा आणि स्मरणशक्ती". मी काही डॉक्टर नाही. बरीच वर्षं इथल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले, एवढाच माझा अधिकार. पण ह्या विषयाशी माझा जरा जास्तच जवळून संबंध आला, म्हणून बोलते.

लहानपणी परीक्षा आली की आई रात्री बदाम भिजत घालायची. सकाळी सालं काढून हातावर ठेवायची, "खा, डोकं चालेल." तीच सवय मी इकडे आणली. २०७ नंबरच्या बसनं साउथॉलला जायचं आणि बदाम-अक्रोडांची मोठी पिशवी आणायची, हा आमचा नेम.

मग एके दिवशी आमचे हे वॉलपोल पार्कमध्ये फिरायला गेले आणि परतीचा रस्ता विसरले. रोजचा रस्ता! मी काय केलं? पाच बदामांचे दहा केले. वर्षभर. डॉक्टरांकडे काही नेलं नाही. लोक काय म्हणतील, हे एक. आणि ऐकायची भीती, हे दुसरं.

आता बदामात काहीच नाही का? आहे की. बार्सिलोनातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४४७ जण होते, सरासरी वय ६७. एका गटाला भाज्या, मासे, कडधान्यं असा तिकडचा आहार आणि रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिले. सुमारे चार वर्षांनी ह्या गटाची स्मरणशक्ती साध्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटापेक्षा सरस निघाली. इथल्या यूके बायोबँकमधल्या पन्नास हजारांवर लोकांच्या माहितीतही रोज नट्स खाणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया १२ टक्के कमी दिसला. पण असे लोक चालतही जास्त असतील, बाकीचं खाणंही बरं असेल. सगळं श्रेय बदामाला कसं द्यायचं?

दुसरी बाजूही ऐका. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातल्या सुमारे ७०० ज्येष्ठांवर अक्रोडांची दोन वर्षं चाचणी झाली. २०२० साली निकाल आला. एकंदरीत पाहता अक्रोड खाणारे आणि न खाणारे ह्यांच्यात बुद्धीच्या बाबतीत फरक पडला नाही. म्हणजे अक्रोड दिसतो मेंदूसारखा, पण तो मेंदूचं औषध आहे असं सिद्ध झालेलं नाही.

फायदा होत असेल तर एक वाट अशी : ह्यातली चरबी चांगल्या जातीची, तिनं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, रक्तवाहिन्या बऱ्या राहतात, आणि मेंदूला रक्त त्यांतूनच जातं. आपला शेंगदाणा खरं तर डाळींच्या कुळातला, पण गुण बरेचसे तेच. तेव्हा दाण्याचा कूट कमी लेखू नका. दातांची तक्रार असेल तर कूटच बरा. रोज एक मूठ, बिनमिठाची, आणि ती चिवडा-चकलीच्या ऐवजी, वर नाही! मुठीत दोनशेच्या आसपास कॅलरी असतात. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. बदामात बी-१२ नसतं. आपल्यात शाकाहारी पुष्कळ, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ आणखी घटू शकतं, आणि त्यानंही विसरायला होतं. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं. ह्यांचंही कमी निघालं. इंजेक्शनांनी थकवा गेला, पायांच्या मुंग्या गेल्या. विसरणं मात्र राहिलं. पुढे मेमरी क्लिनिकमध्ये निदान झालं.

वर्षभर आधी गेलो असतो तर आजार टळला असता, असं मी म्हणत नाही. पण लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नीचे कागद माणूस समजून-उमजून सही करू शकतो तोवरच होतात. आमची ती वेळ गेली. मग बँकेच्या साध्या कामांसाठीही मला कोर्टाकडे अर्ज करावा लागला. आणि मुलांना काय सांगायचं होतं, ते ह्यांना नीट सांगता आलं असतं. ते वर्ष मी बदाम सोलण्यात घालवलं.

२०२४ साली लॅन्सेटच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. त्यात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आहे, कमी ऐकू येणं, कमी दिसणं आहे, आणि एकटेपणाही आहे. तेव्हा कानाचं यंत्र कपाटात ठेवू नका, आणि मेळाव्याला येत जा.

ह्या दिवाळीत एकमेकांना सुकामेव्याचे डबे जरूर द्या. पण घरातलं कुणी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू लागलं, तर डबा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करा. लाज वाटली तर मला बोलवा, मी येते सोबत.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा.