पंगतीतली जागा

नाताळच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत प्रीतिभोजन असते. महिला मंडळ पोळ्या लाटते, तरुण संघ वाढायला उभा राहतो, पाळकही पंगतीतच बसतात. एका वर्षी जवळच्या रुग्णालयातल्या रोग्यांचे नातेवाईक दाराशी आले. भात पुरणार नाही म्हणून मी त्यांना परत पाठवू लागलो. एक आजी म्हणाल्या, "बाळा, शब्बाथशाळेत टिळकांचा दरबार शिकवतोस, तो काय नुसता सांगायलाच?"

मी गप्प झालो. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी ते गेले. त्याआधी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेही केवळ ख्रिस्ती माणसांसाठी नव्हे. अशा वारशाच्या मुलखात मी भात मोजत बसलो होतो!

त्या दिवशी भात खरेच कमी पडला. आम्हा वाढणाऱ्यांचे पोळी-रश्शावर भागले. आता नाताळला मी पायलीभर तांदूळ आधीच जास्त घ्यायला सांगतो.