बोट आतां कोठें असेल?

बोरघाटांत आगगाडी येण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू बहुधा होडीनें पनवेलीस येई आणि तेथून पुढें घाटाची वाट धरी. वारा आणि भरती हेंच त्या जलप्रवासाचें वेळापत्रक होतें. धक्क्यावर वाट पाहणाऱ्या माणसांना, होडी दृष्टीस पडेपर्यंत, ती कोठें आहे हें कळण्याचा मार्गच नव्हता.

या अज्ञानाची किंमत केवढी असूं शकते, हें १७ जुलै १९४७ रोजीं दिसून आलें. १९३६ सालीं बांधलेली, १७९ फूट लांबीची ‘रामदास’ आगबोट सकाळीं आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. जवळपासच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून कांहीं जणांस वांचविलें. परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. त्यामुळें अवघ्या कांहीं मैलांवरची ही वार्ता मुंबईस पोंचली ती पोहून आलेल्या माणसांच्या तोंडून, आणि तीहि सायंकाळीं पांचच्या सुमारास!

आज सागरी प्रवासी जहाजांवर ‘एआयएस’ नांवाचें यंत्र असतें. आंतरराष्ट्रीय सफरींसाठीं तें २००४ च्या अखेरीपासून सक्तीचें झालें. चालतें जहाज दर दोन ते दहा सेकंदांनीं आपलें स्थान, दिशा व वेग बिनतारी लहरींवरून कळवीत राहतें. नांव, लांबी-रुंदी आणि पुढील बंदर हीं दर सहा मिनिटांनीं सांगितलीं जातात. किनाऱ्यावरील ठाणीं व उपग्रह हा संदेश टिपतात आणि नकाशावर एक ठिपका सरकूं लागतो. नांगरलेलें जहाज तीन मिनिटांनीं एकदांच बोलतें.

जहाजाचा इतिहास शोधणाऱ्यानें मात्र केवळ नांवावर विसंबूं नये. २०२१ सालीं मुंबईहून सहली काढूं लागलेली, सुमारें २११ मीटर लांबीची ‘एम्प्रेस’ १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधली गेली, ती निराळ्याच नांवानें. पुढें मालक बदलले, नांवेंहि बदललीं. सात आंकडी नोंदणी-क्रमांक मात्र तोच राहिला. माणसाच्या जन्मनोंदीसारखा तो खरा.

पनवेलीच्या एखाद्या घरांतील मुलगा जहाजावर नोकरीस असला, तर त्याची आई आज रात्रीं हा ठिपका पाहून निश्चिंतपणें दिवा मालवूं शकते. ठिपका दिसेनासा झाला, तरी तेवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. किनाऱ्यावरील ठाण्याचा टप्पा सुटला कीं संदेश उपग्रहावर अवलंबून राहतो आणि तो कधीं कधीं उशिरां मिळतो.

तथापि बोट कोठें आहे हें सांगणारा ठिपका, तींत माणसें किती चढलीं हें सांगत नाहीं. ‘रामदास’वर त्या सकाळीं किती जण होते, याचे आजहि निरनिराळे आंकडे दिले जातात. ही मोजदाद कोणताहि उपग्रह करणार नाहीं. ती धक्क्यावरच, आणि दोर सोडण्यापूर्वींच, व्हावयास हवी.