धाकट्याच्या हाती पिशवी, थोरलीच्या हाती वही
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी दहावीच्या निकालावर किंवा शिष्यवृत्त्यांवर बोलावे, अशी काहींची अपेक्षा असेल. मी मात्र एका कापडी पिशवीविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण त्यामागे एका मुलीचे शिक्षण आहे, म्हणून दहा मिनिटे शांतपणे ऐकून घ्यावे ही विनंती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक हुशार विद्यार्थिनी होती. पहिल्या सत्रात तिचा गृहपाठ सारखा अपुरा राहू लागला. एके दिवशी तिने वही दिली, तर पानावर पेन्सिलीच्या रेघोट्या आणि एक कोपरा फाटलेला. मी साऱ्या वर्गासमोर तिला उभे केले आणि "वहीची ही दशा करणाऱ्याला शिकायचे कशाला?" असे बोलून गेलो. ती काही बोलली नाही. खाली मान घालून उभी राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत पालकभेटीसाठी मी तिच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ. वडील नोकरीसाठी आखातात, दादी अंथरुणावर, अम्मी चुलीपाशी आणि ही मुलगी एका मांडीवर वही व दुसऱ्या मांडीवर तीन वर्षांचा भाऊ घेऊन बसलेली. तो तिच्या हातातले पेन ओढत होता. अम्मी मला म्हणाल्या, "सर, हिच्याशिवाय तो कोणाकडे राहात नाही. मोबाईल दिला तर गप्प बसतो, पण काढून घेतला की घर डोक्यावर घेतो." त्या वेळी मला माझे वर्गातले शब्द आठवले आणि चहाचा घोट घशाखाली उतरेना. मी त्या मुलीची माफी मागितली. पण माफीने तिचा गृहपाठ थोडाच पुरा होणार होता?

पालकहो, हे चित्र एकाच घरातले नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी खोली एक आणि मुले तीन-चार असतात. थोरल्याच्या अभ्यासाच्या वेळीच धाकट्याला खेळायचे असते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि घर हीच शाळा झाली, तेव्हा तर ही अडचण घरोघरी दिसली. आपल्या राज्यात काही कुटुंबे मुलांना ठरवून घरीच शिकवतात. त्यांच्या घरातही प्रश्न हाच असतो, की आई थोरल्याला गणित समजावीत असताना धाकट्याने काय करायचे?

ह्या प्रश्नावर आपल्याच मातीत फार मोठे काम झालेले आहे. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या. पण त्यांच्याही आधी, १९२० साली, गिजुभाई बधेका ह्यांनी भावनगरला बालमंदिर काढले होते. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी पुढे १९४५ साली, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने असे भोवताली मिळणारे साहित्य वापरले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. थोरल्या बहिणीच्या कडेवरचे मूल जवळच सुखरूप खेळू लागले, की ती वर्गात बसायला मोकळी होते, हे त्या दोघींनी ओळखले होते. कोसबाडची टेकडी आपल्या खोलीत आणता येणार नाही. त्यातले थोडेसे एका पिशवीत मात्र आणता येईल.

सुट्टी संपल्यावर मी कार्यानुभवाच्या तासाला वर्गातल्या मुलामुलींना घरातल्या टाकाऊ वस्तू आणायला सांगितल्या. माझ्या पत्नीने शिंप्याकडून चिंध्या आणल्या आणि नाडीच्या सहा पिशव्या शिवून दिल्या. प्रत्येक पिशवीत एकच काम ठेवले. त्या आपणही घरी करू शकाल, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली पिशवी डब्यांची. वेगवेगळ्या आकाराच्या चार-पाच रिकाम्या प्लास्टिकच्या बरण्या आणि त्यांची झाकणे. मुलाने झाकणे काढायची, मिसळायची आणि ज्याचे त्याला लावायची. ह्यात मनगट फिरते. पुढे लिहिताना तेच मनगट कामाला येते.

दुसरी पिशवी बटणांची. जाड कापडाच्या दोन पट्ट्या, एकीवर मोठी बटणे घट्ट टाकलेली, दुसरीवर काजे. पुढच्या पट्टीवर जुन्या जाकिटाची चेन. आठ दिवसांत मूल स्वतःच्या सदऱ्याची बटणे लावू लागले, तर अम्मीचे सकाळचे एक काम कमी होईल.

तिसरी पिशवी लग्नपत्रिकांची. आपल्या घरी जाड, सुंदर पत्रिका पुष्कळ येतात. त्यांच्या कडेने भोके पाडा आणि बुटाची नाडी द्या. मूल नाडी वरून खाली, खालून वर ओवत जाते. काही पत्रिका मधोमध कापून त्यांचे दोन अर्ध जुळवायलाही देता येतात. ज्या पत्रिकांवर अल्लाहचे नाव किंवा आयत असेल, त्या अर्थातच बाजूला ठेवाव्यात.

चौथी पिशवी चिमट्यांची. पुठ्ठ्याचे पाच तुकडे घेऊन त्यांवर एक ते पाच ठिपके काढा. जितके ठिपके, तितके कपड्यांचे चिमटे कडेला लावायचे. चिमटा दाबताना अंगठा आणि बोटे बळकट होतात आणि मोजणीही होते.

पाचवी पिशवी स्पर्शाची. मखमल, रेशीम, सुती, गोणपाट अशा कापडांचे दोन-दोन चौकोन. डोळे मिटून, हाताने चाचपून जोड्या लावायच्या. ह्या पिशवीचा तर अजिबात आवाज होत नाही.

सहावी पिशवी चित्रांची. जुनी दिनदर्शिका, वर्तमानपत्रे, खोकी ह्यांवरची चित्रे कापडाच्या तुकड्यांवर चिकटवून त्यांची वही शिवा. मूल चित्र पाहून स्वतःशीच गोष्ट सांगते. ती गोष्ट थांबवू नका.

आता काळजीच्या चार गोष्टी. पहिली, जी वस्तू मुलाच्या तोंडात पूर्ण मावते ती पिशवीत नको. सव्वा इंचाहून लहान वस्तू तीन वर्षांच्या आतील मुलाला देऊच नये आणि त्याहून मोठे मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल तर त्यालाही देऊ नये. राजमा, चणे, मणी नाकात-कानात जातात. दुसरी, गुंजा दिसायला मोहक पण विषारी असतात, एरंडाच्या बियाही तशाच. काजूच्या बीच्या टरफलातील चिकाने कातडी भाजते. तिसरी, घड्याळातला किंवा खेळण्यातला चपटा सेल व लहान लोहचुंबक घरात उघडे ठेवू नका. पोटात गेले तर त्यांनी आतडी जखमी होतात आणि मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते. चौथी, नाडी वीत-दीड वीतच ठेवा. लांब नाडी गळ्याभोवती बसू शकते.

पिशवी करणे सोपे आहे, वापरणे मात्र शिकावे लागते. ती अभ्यासाच्या वेळीच खाली काढा, एरवी खुंटीला असू द्या, म्हणजे तिची नवलाई टिकेल. एका वेळी एकच पिशवी द्या. जमिनीवर गोधडी अंथरा. आवाज दबतो आणि मुलाला आपली जागा कळते. पहिल्या दिवशी शेजारी बसून ते काम एकदा सावकाश करून दाखवा आणि हात मागे घ्या. झाकण चुकीचे लागले तर "असे नाही" म्हणू नका. न बसणारे झाकण मुलाला आपण होऊन चूक दाखवते. काम संपले की वस्तू त्यानेच भरायच्या. पिशवी बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका.

चमत्काराची अपेक्षा मात्र नको. त्या मुलीच्या भावाने पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सारी झाकणे पलंगाखाली फेकली. ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सर, तुमची पिशवी नापास झाली." मी म्हटले, "पिशवीला पुरवणी परीक्षा देऊ या." तिने बरण्यांऐवजी चिमटे दिले. तो दहा मिनिटे बसला. महिन्याभरात वीस मिनिटांपर्यंत बसू लागला, काही दिवस मुळीच बसला नाही. पण वीस मिनिटांत गणिताची तीन उदाहरणे होतात. तिचा गृहपाठ येऊ लागला. रोज नव्हे, पण येऊ लागला. वहीच्या एका कोपऱ्यात कधी रेघोटी दिसली, तर आता मी तिच्याकडे कौतुकाने पाहतो.

मोबाईलविषयी एवढेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविल्याप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात एक तासापेक्षा अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी तर चांगलेच. मोबाईलवर मूल गप्प असते, पण त्याचे हात रिकामे असतात. पिशवीत मूल गप्प असते ते हात कामात असतात म्हणून. आणि ही पिशवी मैदानाच्या जागी नाही. दिवसभर धावू न दिलेले मूल संध्याकाळी कोणत्याही पिशवीपाशी बसणार नाही.

आता वडीलमंडळींना एक स्पष्ट गोष्ट सांगतो, राग मानू नये. पिशवी ही मदतनीस आहे, बाप नाही. जे अब्बा घरी असतात, त्यांनी मगरीबनंतरचा अर्धा तास धाकट्यासाठी ठेवावा. जे दूर आहेत, त्यांनी फोनवर "भावाला कोण सांभाळते?" असेही विचारावे. आणि मुलांनो, भावंड सांभाळणे हे फक्त आपाचे काम असे कोणी ठरवले? एक दिवस तिचा, एक दिवस तुमचा.

मी हे एवढ्या कळकळीने का सांगतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. साधारण आठवीपर्यंत कायदा मुलीच्या पाठीशी उभा राहतो. पुढे ती शाळेत राहणार की नाही, हे तुम्ही-आम्ही ठरवतो. मुलगी शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी गृहपाठ सुटतो, मग गणित सुटते, मग सरांचे बोलणे खावे लागते, मग शाळा नकोशी होते, आणि शेवटी आपण म्हणतो, "तिला अभ्यासात गोडीच नव्हती." त्या बोलण्यात माझाही वाटा होता, हे मी आज आपल्यासमोर कबूल करतो.

ती विद्यार्थिनी आज दहावीत आहे. तिचा निकाल काय लागेल, हे मी सांगू शकत नाही. पण गेल्या महिन्यात ती शिक्षक कक्षात आली आणि म्हणाली, "सर, भाऊ आता बालवाडीत जातो. पिशव्या मोकळ्या आहेत. शेजारच्या सहावीतल्या मुलीला देऊ का? तिला जुळी भावंडे आहेत."

त्या सहा पिशव्या आता त्या घरी आहेत. पण जुळ्या दोघांना एक पिशवी पुरणार नाही, तेव्हा आणखी शिवाव्या लागतील. आज घरी गेल्यावर आपल्या कपाटातल्या चिंध्या आणि जुन्या पत्रिका बाजूला काढाव्यात, शाळेत पोचवाव्यात, कार्यानुभवाच्या तासाला आमची मुले त्यांच्या पिशव्या करतील, एवढी नम्र विनंती करतो आणि माझे चार शब्द पुरे करतो.

खुदा हाफिज. जय हिंद.