दुधाची चिठ्ठी आणि गणिताची वही

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यातल्या आई-वडिलांशी आज मला एकच गोष्ट बोलायची आहे. दूध संकलन केंद्रावर मिळणारी चिठ्ठी खिशात चुरगाळून टाकू नका. ती घरी आणा आणि सहावी-सातवीतल्या लेकराच्या हातात द्या.

काय असतं तिच्यावर? लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. समजा, दूध 12.4 लिटर आणि दर 32 रुपये. झाला दशांशाचा गुणाकार: 396 रुपये 80 पैसे. फॅट 3.8 म्हणजे शंभर किलो दुधात 3.8 किलो स्निग्धांश. शेकडेवारी आली की नाही? गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. पॉइंट घसरला की पैसे कापतात. आज किती कापले, ते पोरीला काढू द्या.

"आम्हाला कुठं गणित येतं," असं म्हणू नका हो. बाजारात वांग्याच्या क्रेटचा हिशेब तुम्ही तोंडी करता, तो लेकरासमोर मोठ्यानं करा. शाळा दूध देते, विरजण घरचं लागतं. ते चमचाभरच पुरतं. तासभर शिकवणी नको. मात्र कढत दुधात विरजण घालू नये. उत्तर चुकलं म्हणून खेकसलात, तर पुढच्या वेळी पोरगं चिठ्ठीला हातच लावणार नाही. आणि लागलं का, लागलं का म्हणून सारखं भांडंही हलवू नका.

आपल्या हिवरे बाजार गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला ते बघून पिकं ठरतात. हे गणितच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. मग 25 मिलिमीटर पावसात एकरावर लाखभर लिटर पाणी पडतं! क्षेत्रफळ कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलाला बांधावर न्या आणि हा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्या.

पुन्हा सांगते, चिठ्ठी फेकू नका. रोज नाही जमलं तर दहा दिवसांच्या दुधाच्या पगाराची बेरीज तरी पोरांकडून तपासून घ्या.

बचत गटातल्या माउल्यांसाठी व्याजाचंही सांगायचं होतं. महिन्याला दोन टक्के, तर वर्षाला किती? आणि हप्ता फेडत गेलं की मुद्दल कमी होतं, तेव्हा व्याज... पण वेळ संपली. गटाचं पासबुक आज मुलीसमोर उघडा.